फूटपट्टीचा खिळा

गोल्फच्या मैदानामागे, गवत कापायची यंत्रं ठेवतात त्या गॅरेजला लागून, पत्र्याची एक शेड आहे. खेळणाऱ्यांच्या बॅगा उचलणारे कॅडी पाळी येईपर्यंत तिथे बसतात. शेडच्या भिंतीवर लाकडी फळी, फळीवर खिळ्यांच्या दोन ओळी आणि खिळ्यांना टांगलेले पितळी बिल्ले. वरच्या ओळीत ज्याचा बिल्ला, तो खेळाडूबरोबर चालतो, झेंडा किती लांब आहे ते सांगतो, त्या अंतराला लागेल ती स्टिक बॅगेतून काढून हातात देतो. खालच्या ओळीत ज्याचा बिल्ला, तो सरावाच्या मैदानावर चेंडू वेचतो आणि बादलीत धुतो. दोन ओळींमध्ये जागा वीतभर. पण तेवढ्या जागेपायी शेडमध्ये माणसांनी एकमेकांशी वर्षभर अबोला धरलेला आहे.

वरच्या ओळीतला डावीकडचा पहिला खिळा फूटपट्टीचा.

तिचं खरं नाव शेडमध्ये कुणी घेत नसे. मैदानावर कुठेही उभी करा, ती मान जराशी तिरकी करून झेंड्याकडे बघायची आणि आकडा सांगून मोकळी व्हायची. तरुण पोरं तिला फूटपट्टी मावशी म्हणत, तिच्या बरोबरीचे नुसतंच फूटपट्टी. जेवणाची सुट्टी किती लांब आहे गं, असं कुणी विचारलं तर ती विचारायची, घड्याळापासून मोजू की तुझ्या पोटापासून?

ती आली होती तण उपटायला. झेंड्याभोवतीची तुळतुळीत हिरवळ साफ ठेवायला तेव्हा बायका लावत. एका सकाळी एक कॅडी आलाच नाही, खेळाडू घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता, आणि हिने खुरपं खाली ठेवून त्याची बॅग उचलली. तेव्हाचा मुकादम धावत आला आणि बाईला बॅग झेपत नाही म्हणून सांगू लागला. तो हे सांगत होता तेव्हा बॅग तिच्या खांद्यावर होती आणि ती चालायला लागली होती.

बॅग उचलता आली म्हणून बिल्ला वर जात नसे. त्यासाठी 'नजर' द्यावी लागे. दर हंगामाच्या सुरुवातीला मुकादम सगळ्यांना मैदानावर नेतो. रोजच्या वाटेवर नाही, कुठेतरी आडबाजूला, जिथली झाडं-झुडपं कुणाच्या पाठ नाहीत अशा जागी. लांबवर झेंडा रोवतो आणि एकेकाला अंतर विचारतो. मग दांड्याला बसवलेलं मोजणीचं चाक झेंड्यापर्यंत चालवत नेतो. एका स्टिकचा फरक, म्हणजे साधारण दहा मीटरची चूक, माफ. त्यापेक्षा जास्त चुकला तर बिल्ला खाली. तिच्या पहिल्या नजरेला त्यांनी झेंडा पुन्हा पुन्हा हलवला, कारण बाईचा आकडा बरोबर येतो यावर कुणाचा विश्वास बसेना. शेवटी चाक ढकलणारा दमला आणि तिचा बिल्ला वर गेला. फूटपट्टी हे नाव त्या दिवसापासूनचं.

म्हणजे ज्या नजरेने तिला जागा दिली, तीच आता तिची जागा काढून घेणार होती.

तिचा उजवा डोळा गेला होता. एका दिवसात नाही. आधी मधोमध धुरकट डाग आला, मग डाग पसरला, आणि डॉक्टरांनी आतल्या पडद्याचं चित्र दाखवून सांगितलं की हा आता परत यायचा नाही. डावा शाबूत आहे, त्याला जपा. ही गोष्ट घरात सगळ्यात आधी तिच्या नवऱ्याने ओळखली. तो शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मशीन, आणि गळ्यात मापाची टेप, जी तो झोपतानाच काय ती काढतो. ती कपात चहा ओतत होती आणि धार बशीत पडत होती.

"अगं, कप इकडे आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि पुन्हा बशीतच ओतला.

त्याने बशीतला चहा पिऊन टाकला. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात घेऊन गेला.

शेडमध्ये तिने अवाक्षर काढलं नाही. रोजची वाट तिच्या पायांना पाठ होती. या बाभळीपासून झेंडा एवढा, त्या वाळूच्या खड्ड्यापासून तेवढा, असं करत तिने बरेच महिने रेटले. पण लोकांचे चेंडू पाठ केलेल्या जागी पडत नाहीत. झाडीत गेले, उतारावर गेले की ती चाचपडायची. एका डोळ्याने बघणारेही पुष्कळ जण लांबचं अंतर नीट सांगतात, हे डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. पण राहिलेल्या डोळ्याला आधीपासून मोठा नंबर होता, आणि चष्मा लावूनही गवताचे चढउतार एकमेकांत मिसळून जात. लांबची जमीन तिला इस्त्री केलेल्या चादरीसारखी सपाट दिसे.

अंतर मोजायचं लेझरचं यंत्र तिने पूर्वी पुष्कळदा पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे, पाहिलं नव्हतं. शेडचा एक अलिखित कायदा होता: खेळाडूने आपलं यंत्र डोळ्याला लावलं की कॅडीने पाठ फिरवायची आणि फडक्याने चेंडू पुसत राहायचं. आम्ही असताना तुम्हाला हे डबडं लागतं, असं तोंडाने बोलता येत नाही, म्हणून पाठीने बोलायचं. सगळ्यात ताठ पाठ फूटपट्टीची असे.

हंगाम संपला, मैदान दुरुस्तीला बंद झालं, आणि ती एका सकाळी खेळाच्या सामानाच्या दुकानात गेली. काउंटरवरच्या मुलाने साहेबांसाठी हवंय का म्हणून विचारलं. ती म्हणाली, माझे साहेब कपडे शिवतात, त्यांच्याकडे टेप आहे, मला दाखव. त्याने काचेच्या कपाटातून मुठीत मावेल एवढं यंत्र काढलं. अर्ध्या दुर्बिणीसारखं दिसणारं. हे झेंड्यावर धरायचं, बटण दाबायचं, आत आकडा उमटतो. कसा उमटतो, असं तिने विचारल्यावर मुलगा खुलला. बटण दाबलं की यंत्रातून प्रकाशाचा किरण सुटतो, झेंड्यावर आपटतो आणि परत येतो. त्याला जायला-यायला किती वेळ लागला ते यंत्र मोजतं आणि त्यावरून अंतर काढतं. तुमची पापणी एकदा मिटून उघडेपर्यंत तो अशा लाखभर फेऱ्या मारील, मावशी.

तिला फेऱ्यांचं एवढं काही वाटलं नाही. ती यंत्र हातात उलटसुलट करून बघत होती.

"याला भिंग एकच आहे," ती म्हणाली.

"एकच असतं. एका डोळ्याने बघायचं असतं."

"दुसऱ्या डोळ्याचं काय करायचं?"

"मिटायचा."

तिने उजवा डोळा मिटला. काही फरक पडला नाही. डावा भिंगाला लावला, भिंगाची कड फिरवून आपल्या नंबराला जुळवली, आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी एकदम जवळ आली, स्वच्छ, अक्षरन् अक्षर. किती तरी दिवसांनी तिला लांबची एखादी गोष्ट कडेसकट दिसली होती. नव्या शिलाई मशीनसाठी बाजूला ठेवलेलं तिने त्या काउंटरवर ओतलं, आणि घरी येऊन नवऱ्याला तसं सांगितलंही. नवऱ्याने जुन्या मशीनला तेल घातलं.

मैदान उघडलं. पहिल्याच दिवशी तिने यंत्र कमरेच्या पट्ट्याला, सगळ्यांना दिसेल असं लावलं आणि शेडमध्ये येऊन बसली.

उंच मानेमुळे ज्याला सगळे उंट म्हणत तो कॅडी तिचा जुना सोबती. वरच्या ओळीत त्याचा बिल्ला तिच्या शेजारी. त्याने आधी यंत्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग सरकून बाकाच्या टोकाला जाऊन बसला. कुणीतरी विचारलं, मावशी, हे कुणाचं पडलेलं सापडलं का? ती म्हणाली, माझंच आहे. त्यानंतर जे सुरू झालं ते दिवसभर पुरलं. फूटपट्टीला आता सेल लागतात. फूटपट्टीची गॅरंटी किती वर्षं? पाऊस लागला तर फूटपट्टी बिघडते का? उंट मात्र हसला नाही. तो एवढंच म्हणाला की उद्या खेळाडू विचारतील, अंतर जर यंत्रच सांगतंय तर तुम्ही कशाला? तेव्हा काय सांगशील?

हा प्रश्न खरा होता.

त्याच आठवड्यात ती तोंडावर आपटली. ती नेहमी ज्यांची बॅग उचलायची त्या दातांच्या डॉक्टरीणबाई. बोलायला मोकळ्या, खेळायला बऱ्या. चेंडू मैदानाच्या मधोमध पडला होता. समोर झेंडा, झेंड्याच्या मागे तळं, तळ्याच्या पलीकडे सरूच्या झाडांची रांग.

"मावशी, किती?"

फूटपट्टीने यंत्र लावलं, बटण दाबलं, आकडा वाचला. एकशे पासष्ट. आकडा जरा मोठा वाटला, पण हल्ली वाटण्यावर तिचा भरवसा नव्हता. तिने लांबची स्टिक काढून दिली. डॉक्टरीणबाईंनी त्या दिवसातला सगळ्यात देखणा फटका मारला. चेंडू झेंड्याच्या डोक्यावरून, हिरवळीच्या डोक्यावरून गेला आणि तळ्यात पडला. डुब्ब असा आवाज इथपर्यंत आला.

झालं होतं असं की झेंड्याची काठी बोटभर जाडीची, आणि मागे सरूची अख्खी भिंत. तिचा हात जरासा हलला, किरण काठीच्या बाजूने निसटला, सरूवर आपटला आणि तिथून परत आला. यंत्राने सरूचं अंतर सांगितलं. नव्या माणसाकडून हमखास होणारी चूक. पण फूटपट्टीकडून एका स्टिकपेक्षा जास्त चूक शेडने आजवर पाहिली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी, असू दे, मासे दचकले असतील, म्हणून दुसरा चेंडू टाकला. शेडने असू दिलं नाही. दुपारच्या चहाला मुकादम तिच्याजवळ आला.

मुकादम तिचा सख्खा दीर. तिच्या शिंपी नवऱ्याचा धाकटा भाऊ. या नात्याचा फायदा मैदानावर कुणाला कधी दिसला नव्हता, इतका तो कडक आणि सरळ. वहिनीला त्याने कधी हलकी बॅग दिली नाही, की सावलीची पाळी दिली नाही. आज मात्र तो बाकावर तिच्या शेजारी बसला, आणि तो बसला याचीच तिला धास्ती वाटली.

"वहिनी, खेळाडूंमध्ये बोललं जातंय. तुमचं वय झालंय असं मी म्हणत नाही. पण हे यंत्र घरी ठेवा."

"चूक माझी झाली, भावोजी. यंत्राची नाही. त्याने सरूचं अंतर बरोबर सांगितलं. मी झेंड्याचं म्हणून पुढे दिलं."

"तेच म्हणतोय मी. नजरेने सांगितलं असतं तर झालं नसतं."

नजरेने काय झालं असतं ते तिला ठाऊक होतं आणि त्याला ठाऊक नव्हतं.

मग त्याने आवाज उतरवून सांगितलं की चेंडू धुण्याच्या खोलीत एक खुर्ची आहे, पंखा आहे, उन्हातली वणवण नाही. नजरेच्या आधीच तिने आपणहून तिकडे जायचं ठरवलं तर बिल्ला सगळ्यांसमोर खाली काढायची वेळ येणार नाही. तो हे मायेने बोलत होता. ती माया तिला उंटाच्या प्रश्नापेक्षा जास्त लागली.

"खुर्ची तुम्हाला ठेवा," ती म्हणाली. "मी नजरेला येणार आहे."

त्या दिवसापासून तिने घराच्या गच्चीवर यंत्राचा सराव मांडला. गल्लीतला विजेचा खांब, खांबामागची भिंत, भिंतीमागची पाण्याची टाकी. आधी खांबावर किरण टाकायचा, मग मुद्दाम मागच्या भिंतीवर, मग पुढच्या फाटकावर. तिन्ही आकडे वेगळे आले तर खांबाचा आकडा खरा. खांबाचा आणि भिंतीचा आकडा एकच आला तर किरण निसटला, परत घे. हात हलू नये म्हणून कोपर बरगडीला टेकवायचं आणि श्वास अर्धा सोडून थांबवायचा. हे तिला कुणी शिकवलं नाही; चुकत चुकत सापडलं. समोरच्या घरातल्या बाईने मध्येच खिडकी उघडून, तुमची बायको दुर्बिणीने आमच्याकडे काय बघते, असं शिंप्याला ओरडून विचारलं. त्याने खालून उत्तर दिलं की काही बघत नाही, फक्त तुम्ही किती लांब आहात तेवढं मोजते, आणि लांबच आहात.

त्याच्यासाठी हे प्रकरण अवघड होतं. सुट्टीच्या दिवशी धाकटा भाऊ घरी आला आणि त्याने मोठ्या भावाला, वहिनीला समजाव, म्हणून गळ घातली. ती आत चहा टाकत होती. शिंपी मशीनवरून उठला नाही. पायाने पायडल मारत राहिला.

"मी टेप लावून कापतो," तो शेवटी म्हणाला. "आपले बाबा नजरेने कापायचे. अंगावर कापड न लावता. गिऱ्हाइकं अजून त्यांची आठवण काढतात. पण मी टेप लावतो म्हणून मला शिंपी कुणी म्हणत नाही, असं अजून झालेलं नाही."

"दादा, टेप वेगळी."

"असेल. मी शिंपी आहे, मला तेवढंच कळतं."

ती चहा घेऊन बाहेर आली. दोन्ही कप बरोबर भरलेले होते. कपाच्या काठाला किटलीची चोच टेकवून ओतायचं, हे तिने आता बसवून घेतलं होतं.

नजरेची सकाळ आली. दव असलेल्या गवतातून सगळे मैदानाच्या पार मागच्या बाजूला गेले, जिथे मातीचे ढीग टाकून पुढे त्यांवर गवत उगवलं होतं. मुकादमाने लांब चढावर झेंडा रोवला. एकेक जण पुढे येऊ लागला. डोळे बारीक करायचा, आकडा सांगायचा, बाजूला व्हायचा. मुकादम सगळे आकडे मनात ठेवत होता. त्याची स्मरणशक्ती हा त्याचा अभिमान. उंटाने खूप वेळ घेतला. चष्मा काढला, पुसला, लावला, मग एकशे चाळीस म्हणाला, पण म्हणताना त्याच्या आवाजात पूर्वीचा ठसका नव्हता.

फूटपट्टी पुढे आली आणि तिने कमरेचं यंत्र काढलं.

"ते नाही, वहिनी," मुकादम म्हणाला.

"मी यानेच सांगणार."

"ही नजर आहे. यंत्राची परीक्षा नाही."

"मग उंटाला चष्मा काढायला सांगा. तुमचाही काढा. बघू झेंडा कुणाला दिसतो."

दोघं-तिघं हसले, आणि चष्म्याला हात लावून गप्प झाले. मुकादम चिडला नाही. तो म्हणाला की चष्मा फक्त दाखवतो, आकडा सांगत नाही. हे यंत्र आकडा सांगतं. फरक आहे.

"आहे," ती म्हणाली. "फरक आहे हे मी मान्य करते. तो का लागतो तेही सांगते." तिने चष्मा काढला आणि डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. "आत्ता मला तुम्ही दिसत नाही, भावोजी. कुणीच दिसत नाही. उजवा डोळा गेलाय. मागच्या हंगामातच गेला. मी लपवलं, कारण तुम्ही मला खुर्ची द्याल हे मला माहीत होतं."

उंटाने मान फिरवली.

"मग तर झालंच की वहिनी," मुकादम हलक्या आवाजात म्हणाला. "मग कशाला हा हट्ट?"

तिने तळहात काढला. "डोळा गेला म्हणजे मी गेले का? उतारावर चेंडू कसा वळतो ते मला कळतं. वारा कुठून येतो ते मला गालावर कळतं. खेळाडू घाबरलाय की माजलाय ते मला त्याच्या चालीवरून कळतं. एक अंतर तेवढं कळत नाही. ते मी विचारून घेते. तुम्ही म्हणता, ते चुकीचं सांगितलं तर चालेल एका स्टिकपर्यंत, पण विचारून बरोबर सांगितलं तर चालणार नाही. असं का, ते मला सांगा."

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. कोपर बरगडीला टेकवलं, अर्धा श्वास सोडला. झेंडा. झेंड्यामागचा ढीग. अलीकडचं झुडूप. तिन्ही आकडे वेगळे. "एकशे एकावन्न," ती म्हणाली.

मुकादम मोजणीचं चाक घेऊन निघाला, खोलगट भागात उतरला, पलीकडे चढला, झेंड्याला पोचला आणि तिथून ओरडून आकडा सांगितला. एकशे चौपन्न. कुणीतरी हळूच म्हणालं की यंत्र तीनने चुकलं. ती म्हणाली, चाक खड्ड्यातून उतरून चढून गेलं. चेंडू वरून जातो. उंटाची चूक स्टिकपेक्षा जरा जास्त भरत होती. मुकादमाने त्याच्याकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, आणि सगळ्या मैदानाला चढउतार आहेत, उंट बसतो, असं म्हणून त्याला वरच ठेवलं. मग शेडमध्ये येऊन त्याने फूटपट्टीचा बिल्ला वरच्या ओळीतून काढला आणि खालच्या ओळीत शेवटच्या खिळ्याला टांगला.

"आकडा बरोबर होता," तो म्हणाला. "पण नजर दिली नाही. नियम माझा नाही, वहिनी. माझ्या आधीपासूनचा आहे."

दुपारी डॉक्टरीणबाईंनी तिला गाठलं. मी क्लबच्या समितीत बोलते, म्हणाल्या, एक शब्द टाकला की काम होईल. फूटपट्टीने नको म्हणून सांगितलं. तुमच्या शब्दाने बिल्ला वर गेला तर तो तुमचा बिल्ला, माझा नाही. बाई जरा दुखावल्या. तिने त्यांची समजूत घातली नाही.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी शेडमध्ये आली. पिशवीत नवऱ्याची हातोडी होती आणि एक लांब खिळा, जो त्याने स्वतः डब्यातून निवडून दिला होता. डोकं मोठं असलेला घे, बिल्ला घसरत नाही, असं सांगून. खिळा ठोकताना पहिले दोन घाव बोटावर बसले. जवळचं अंतर तिला अजून नीट लागत नव्हतं. मग तिने खिळ्याच्या डोक्याला आधी हातोडी टेकवली, तिथूनच उचलली आणि तिथेच आणली. खिळा फळीत गेला. वरच्या ओळीच्याही वर, एकटाच. तिने खालच्या ओळीतला आपला बिल्ला काढला आणि तिथे लावला. अंगठा तोंडात धरून बाकावर बसली.

एकेक जण आत आला, फळीकडे बघून थबकला. मुकादम आला तेव्हा सगळे काही ना काही कामात असल्यासारखे होते.

"ही कुठली ओळ?" त्याने विचारलं.

"यंत्राची."

"अशी ओळ नसते."

"कालपर्यंत नव्हती."

"मी बिल्ला खाली लावतो."

"लावा. खिळा माझा आहे, तो तिथेच राहील. उद्या मी पुन्हा वर लावीन."

त्याने बिल्ला खाली लावला. दुसऱ्या दिवशी तो वर होता. त्याने खाली लावला. असं चालू राहिलं. तिला बॅग मिळत नव्हती, आणि चेंडू वेचायला ती जात नव्हती. बाकावर बसून राहायची, कमरेला यंत्र लावून, दिवसभर. एका सकाळी मुकादम फळीपाशी आला, हात वर नेला आणि तसाच खाली आणला. नियम वरच्या ओळीचा होता, खालच्या ओळीचा होता. या खिळ्याचा नव्हता. तो कंटाळला होता की विचार करत होता, कुणाला कळलं नाही. बिल्ला तिथेच राहिला. पण बॅग मिळाली नाही.

मग स्पर्धेचा दिवस उजाडला. बाहेरून खेळाडू आले. बॅगा शेडबाहेर रांगेने उभ्या राहिल्या आणि मुकादम वरच्या ओळीतून एकेक बिल्ला काढून हाका मारू लागला. उंट गेला. ओळ रिकामी होत गेली, आणि शेवटच्या खिळ्यापाशी त्याचा हात थांबला. बाहेर अजून एक बॅग होती. खाली चेंडू वेचणाऱ्यांचे बिल्ले होते, जे नजरेत कधी बसले नव्हते. वर एक बिल्ला होता.

मग टाचा उंचावून मुकादमाने तो वरचा बिल्ला काढला आणि वळला.

"वहिनी," तो म्हणाला, "स्पर्धेत चढउताराचा हिशेब धरून आकडा देणारं बटण चालत नाही. नुसतं अंतर चालतं. ते बटण बंद आहे ना?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याने कुठेतरी बसून वाचलेलं होतं.

"तुम्हीच बघा," तिने यंत्र पुढे केलं.

त्याने चष्मा कपाळावर चढवला, दारात जाऊन यंत्र डोळ्याला लावलं, आणि जरा जास्तच वेळ लावून ठेवलं. पहिल्या झेंड्याकडे बघत असावा. त्याचे ओठ हलले, आकडा वाचल्यासारखे.

"बंद आहे," तो शेवटी म्हणाला. "नियम बदललेला नाही, वहिनी. आज माणूस कमी आहे म्हणून."

"कळलं," ती म्हणाली. "द्या इकडे. खेळाडू थांबलाय."

तिने बॅग खांद्यावर घेतली. सुरुवातीच्या जागेवर बाकीचे कॅडी आपापल्या खेळाडूंबरोबर पाळीची वाट बघत उभे होते. तिच्या खेळाडूने अंतर विचारलं. तिने यंत्र काढून डोळ्याला लावलं, तशा एकेक करून पाठी वळल्या. खिशातून फडकी निघाली, आधीच पुसलेले चेंडू पुन्हा पुसले जाऊ लागले. सगळ्यात उंच पाठ उंटाची होती.

तिने झेंडा धरला, मागची टेकडी धरली, अलीकडचा वाळूचा खड्डा धरला. आकडे वेगळे आले. वारा डाव्या गालावर होता. मग तिने यंत्र खाली घेतलं आणि आकडा खेळाडूला सांगितला, त्याला ऐकू जायला हवा त्यापेक्षा पुष्कळ मोठ्या आवाजात, सगळ्या पाठींपर्यंत पोचेल असा.